गोष्ट मागेही सरकते

डिसेंबर 2017 मधली गोष्ट. पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये रात्रीच्या खेळाला मी आणि माझा भाचा 'स्टार वॉर्स'चा नवा भाग बघायला गेलो होतो. 'द लास्ट जेडाय' हे त्याचं नाव. दोन वर्षं ज्या प्रसंगाची वाट बघितली, तो सुरुवातीलाच येणार हे आम्हाला माहीत होतं. कारण 2015 चा आधीचा भाग नेमका तिथेच थांबला होता. समुद्रातलं एक खडकाळ बेट. चित्रण आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या स्केलिग मायकेलवरचं. रे नावाची तरुण मुलगी दगडी पायऱ्या चढत वर येते. पाठमोरा उभा असलेला, जुन्या सिनेमांचा नायक ल्यूक स्कायवॉकर वळतो. दाढी पिकलेली, नजरेत ओळख आहे आणि भीतीही. रे त्याची जुनी लाइटसेबर, प्रकाशाच्या पात्याची तलवार, पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरते. दोघांपैकी कुणीच बोलत नाही, तिचा हात तसाच लांबवलेला राहतो आणि सिनेमा संपतो.

नव्या भागात ल्यूक ती लाइटसेबर हातात घेतो. क्षणभर तिच्याकडे बघतो. मग खांद्यावरून मागे भिरकावून देतो आणि चालू लागतो.

थिएटरात आधी हशा पिकला. मग कुजबुज झाली, आणि मग अशी शांतता पसरली की पुढच्या रांगेतल्या माणसाने घेतलेला श्वास ऐकू आला. भाचा हसला नाही. मध्यंतरात जागेवरून उठलाही नाही. खेळ संपल्यावर पार्किंगमध्ये, गाडीची किल्ली हातात घेऊन, तो एवढंच म्हणाला, "मामा, हा ल्यूक नव्हता."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. सिनेमा वाईट होता, कंटाळवाणा होता, पैसे वाया गेले, असं काहीच तो म्हणाला नव्हता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, नोकरीला लागला होता. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल नको ते कानावर यावं, तसा त्याचा चेहरा झाला होता. त्याच आठवड्यात जगभर अनेकांचे चेहरे तसेच झाले होते. सिनेमाने पुढे 133 कोटी डॉलरचा गल्ला जमवला, बहुतेक समीक्षकांनी त्याला उचलून धरलं, आणि तरीही जुन्या प्रेक्षकांपैकी मोठ्या गटाला तो जिव्हारी लागला. काहींनी तर हा भाग अधिकृत कथेतून काढून टाका, अशी मागणी सह्यांनिशी केली. तिकिटाचे पैसे परत मागणारा प्रेक्षक मला समजतो. पण जे घडताना दाखवलंत ते घडलंच नव्हतं असं जाहीर करा, ही मागणी निराळी आहे. ती कुठून येते, याचा उलगडा मला भाच्याच्या त्या वाक्यात सापडला.

गोष्ट पुढे सरकते, असं आपण म्हणतो. लहानपणी आजीला आपण विचारतो तेही "मग काय झालं?" हेच. पण एखादी कथा जेव्हा वर्षानुवर्षं, पिढ्यान्‌पिढ्या चालते, तेव्हा तिचा प्रत्येक नवा भाग तिला मागेही सरकवतो. ल्यूक म्हातारपणी काय करतो, एवढंच 2017 चा सिनेमा सांगत नाही. 1983 मध्ये आपण ज्याला जिंकताना पाहिलं, त्या तरुणाच्या नशिबी पुढे काय वाढून ठेवलं होतं, हेही तो सांगतो. ते एकदा कळल्यावर 1983 चा विजय पुन्हा पहिल्यासारखा बघता येत नाही. सुटा सिनेमा फसला तर आपण तो विसरतो. त्याने आपल्या घरातलं काही हलवलेलं नसतं. कथेचा नवा भाग मात्र थेट घरात शिरतो आणि भिंतीवरच्या जुन्या तसबिरीवर आपला हात फिरवून जातो. नव्या भागावरच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचताना मी आता हेच बघतो. माणूस नव्या सिनेमाबद्दल बोलतो आहे असं वरून वाटतं, पण त्याचं लक्ष जुन्याकडे लागलेलं असतं.

'स्टार वॉर्स'मध्ये हे अगदी डोळ्यांसमोर घडताना दिसतं, कारण तिथे सिनेमाचं नावसुद्धा मागाहून बदललं. 25 मे 1977 रोजी अमेरिकेतल्या मोजक्या थिएटरांत जो सिनेमा लागला, त्याचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. सुरुवातीला पडद्यावरून वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या मजकुरात भागाचा आकडा नव्हता. 1980 मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला आणि त्या मजकुरात 'भाग पाचवा' असं झळकलं. लोकांनी पाहिलेला होता एकच, आणि हा पाचवा! पुढे 1981 मध्ये पहिला सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा त्याच्या सुरुवातीला 'भाग चौथा' आणि 'अ न्यू होप' हे नाव जोडलेलं होतं. ज्यांनी तो चार वर्षांपूर्वी पाहिला होता, त्यांनी एका पूर्ण गोष्टीचा आरंभ पाहिला होता. आता त्यांना कळलं की ती मधूनच सुरू झाली होती.

नावाचं काय, ते बदललं म्हणून कुणाचं फारसं बिघडत नाही. त्याच 1980 च्या सिनेमाने खरा हात घातला तो ल्यूकच्या बापाला. पहिल्या सिनेमात म्हातारा ओबी-वान ल्यूकला सांगतो की डार्थ व्हेडर हा त्याचा एकेकाळचा शिष्य, त्याने दगा दिला आणि ल्यूकच्या वडिलांना मारलं. तीन वर्षं प्रेक्षक हे सत्य धरून बसले. आणि मग ढगांतल्या त्या शहरात, खोल पोकळीवरच्या अरुंद पट्टीवर, हात तुटलेल्या ल्यूकला व्हेडर सांगतो की त्याचा बाप दुसरा कुणी नाही, तोच आहे. चित्रीकरणाच्या वेळी हे गुपित इतकं जपलं होतं की व्हेडरच्या पोशाखातल्या नटाला वेगळंच वाक्य दिलं होतं. व्हेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स यांनी पुढे सांगितलं की ते वाक्य हाती आलं, तेव्हा व्हेडर खोटं बोलतो आहे असंच त्यांना वाटलं. ज्याच्या तोंडून ते वाक्य गेलं त्यालाच ते पटलं नव्हतं, तर प्रेक्षकांचं काय! 1983 पर्यंत, म्हणजे पुढचा भाग येईपर्यंत, लोक वाद घालत राहिले.

मला ती तीन वर्षं मिळाली नाहीत, याची रुखरुख आहे. ऐंशीच्या दशकात शेजारच्या काकांनी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर मी तिन्ही सिनेमे एका रात्रीत पाहिले. चाळीतली आठ-दहा मुलं, एकच टीव्ही, आणि कॅसेट बदलण्यापुरताच काय तो विराम. व्हेडर बाप निघाला हे कळलं आणि दोन-तीन तासांत ते खरंही ठरलं. शंकेला जागाच उरली नाही. ज्यांनी 1980 ते 1983 ती शंका मनात वागवली, त्यांनी तो सिनेमा माझ्यापेक्षा वेगळा पाहिला, असं मी आता मानतो.

तर 1980 चा हा घाव मागे जाऊन कुठे बसला, ते जवळून बघण्यासारखं आहे. पहिल्या सिनेमात ल्यूक ओबी-वानला विचारतो की माझे वडील कसे गेले. ओबी-वानची भूमिका ॲलेक गिनेस यांनी केली आहे. उत्तर देण्याआधी ते जरा थांबतात. नजर बाजूला जाते, आणि मग ते व्हेडरचं नाव घेतात. 1977 मध्ये ती विसावल्याची जागा वाटली असेल, म्हाताऱ्या माणसाला जुनं दुःख आठवल्याची. 1980 नंतर तीच जागा खोटं बोलण्याआधीच्या अडखळण्याची झाली. आता त्या क्षणी ओबी-वान मुलाला किती सांगावं याचा हिशेब करताना दिसतो. गिनेस यांना हे माहीत असणं शक्य नव्हतं. दुसऱ्या सिनेमाचा पहिला खर्डा लेखिका ली ब्रॅकेट यांनी फेब्रुवारी 1978 मध्ये दिला, त्यातही ल्यूकचा बाप वेगळा होता आणि व्हेडर वेगळा. महिन्याभरात ब्रॅकेट वारल्या, आणि त्यानंतर जॉर्ज ल्यूकस यांनी लिहिलेल्या खर्ड्यात दोघे एक झाले. म्हणजे नटाने एका अर्थाने घेतलेला श्वास तीन वर्षांनी दुसऱ्या अर्थाचा झाला. त्याच पहिल्या सिनेमात ल्यूकची काकू म्हणते की पोरात बापाचा अंश फार आहे, आणि काका उत्तरतो की भीती त्याचीच वाटते. साधं घरगुती बोलणं. आज ते ऐकताना अंगावर काटा येतो.

मागे सरकलेली गोष्ट जुन्याला मोठं करते ती अशी. आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे माहीत असूनच आपण रंगभूमीवर अर्जुनासमोर उभा राहिलेला आणि कुळ विचारल्यावर मान खाली घातलेला कर्ण वाचतो. पुढचं माहीत असल्यामुळे मागचा अपमान अधिक खोल जातो. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'नंतर ज्यांनी महाभारत पुन्हा हातात घेतलं, त्यांना कुंती, गांधारी, द्रौपदी पहिल्यासारख्या दिसल्या नाहीत. काही वाचक तेव्हा दुखावले असतील, पण मूळ कथेत जे होतं त्यातूनच नवं दिसत होतं. कुणी काही पुसून टाकलेलं नव्हतं.

पुसणं ही वेगळी क्रिया आहे. ती 1997 मध्ये झाली. पहिल्या सिनेमाला वीस वर्षं झाली म्हणून ल्यूकस यांनी तिन्ही सिनेमे नव्या संगणकी दृश्यांसह पुन्हा लावले. त्यात बहुतेक भर पार्श्वभूमीची होती, पण एक बदल माणसाच्या स्वभावाला झाला. पहिल्या सिनेमातल्या गुत्त्यात टेबलाशी तस्कर हान सोलो बसला आहे, समोर त्याला पकडायला आलेला ग्रीडो त्याच्यावर शस्त्र रोखून. 1977 मध्ये हान टेबलाखालून गोळी घालतो, ग्रीडो आडवा होतो, आणि हान जाता जाता गुत्तेवाल्यापुढे नाणं टाकतो. अवघ्या काही क्षणांत माणूस कळतो: जगायचं तर आधी वार करायचा, हे शिकलेला. 1997 मध्ये ग्रीडो आधी गोळी घालतो, इतक्या जवळून त्याचा नेम चुकतो, आणि मग हान त्याला मारतो. बदल क्षणभराचा, पण त्या क्षणावर हानचा सगळा प्रवास उभा आहे. स्वतःपुरतं बघणारा माणूस शेवटी मित्रासाठी परत येतो, हेच तर त्याचं मोठेपण. पहिल्यापासूनच तो सोज्वळ असेल तर परत येण्याला काय किंमत उरली? हानने आधी गोळी घातली, हे वाक्य छापलेले सदरे लोक अजून घालतात. त्यात हट्ट आहेच, पण त्यामागचं वाचन अचूक आहे.

या बाबतीत मी प्रेक्षकांच्या बाजूचा आहे, आणि ल्यूकस यांचंच एक कृत्य साक्षीला काढतो. 1988 मध्ये ते अमेरिकी काँग्रेससमोर गेले होते. जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग फासण्याचा धंदा तेव्हा जोरात होता, आणि मूळ कलाकृतीत असे फेरफार होऊ नयेत, त्या पुढच्या पिढ्यांच्या आहेत, अशी बाजू त्यांनी तिथे मांडली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी निवडलेल्या पहिल्या पंचवीस सिनेमांत 'स्टार वॉर्स' होता. आणि नंतर त्याच सिनेमाचं 1977 मधलं रूप चांगल्या प्रतीत मिळणं दुरापास्त झालं. चाहत्यांनी जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या प्रती शोधून काढल्या, एकेका चौकटीवरची धूळ आणि ओरखडे काढले, आणि आपल्या आठवणीतला सिनेमा पुन्हा जोडला. त्यासाठी वर्षानुवर्षं रात्री जागवल्या. प्रेक्षकाचं प्रेम कसं असतं हे कुणाला दाखवायचं झालं, तर मी ते काम दाखवीन.

पुढचं पाऊल 1999 चं. सोळा वर्षांनी नवा सिनेमा येणार होता. तो येण्याआधी त्याची झलक बघायला लोक दुसऱ्याच सिनेमाचं तिकीट काढून थिएटरात शिरले आणि झलक संपताच उठून गेले. लॉस एंजलिसमधल्या चायनीज थिएटरबाहेर कित्येक आठवडे आधीपासून रांग लागली. 'द फँटम मेनेस' लागला, आणि त्यातल्या एका प्रसंगाने माझंही मन मोडलं. छोट्या ॲनाकिनला, म्हणजे पुढे व्हेडर होणाऱ्या मुलाला, खरचटतं, जेडाय गुरू त्याच्या रक्ताचा थेंब घेतो, यानावर पाठवतो, आणि उत्तर येतं की त्यात मिडीक्लोरियन वीस हजारांच्या वर आहेत, महागुरू योडाच्याही नाहीत इतके. म्हणजे 'फोर्स', ती सर्व चराचरात भरलेली शक्ती, रक्ततपासणीच्या अहवालात आली. 1977 मध्ये शेतावरचं एक पोर डोळे झाकून मन शांत करतं आणि त्याला ती जाणवते, हे बघताना चाळीतल्या आम्हा प्रत्येकाला वाटलं होतं की आपल्यालाही जमेल. त्या रात्री गच्चीवर जाऊन आम्ही डोळे मिटून उभे राहिलो होतो. 1999 मध्ये कळलं की ते जन्मानेच ठरतं, आणि त्याचा आकडाही असतो. नवा सिनेमा माझ्या गच्चीवर येऊन मला सांगून गेला की तुझं डोळे मिटणं व्यर्थ होतं. माझा राग नव्या सिनेमातल्या कुठल्याही दोषापेक्षा मोठा होता, त्याचं कारण हे.

आणि इथेच माझ्या भाच्याने मला अडवलं. त्याने पाहिलेला पहिला 'स्टार वॉर्स' म्हणजे 1999 चाच. सात-आठ वर्षांचा असताना, घरी सीडीवर. त्यातला धांदरट जार जार बिंक्स धडपडला की तो गादीवर लोळून हसायचा. यानांची शर्यत त्याने इतक्या वेळा पाहिली की सीडी अडकू लागली. "मामा, तू मला जुने दाखवलेस ना," तो म्हणतो, "तेव्हा व्हेडरचा मुखवटा निघाला आणि मला त्यात तो शर्यतीतला मुलगा दिसला. तुला नुसता म्हातारा दिसला असेल." खरं होतं. मला 1983 च्या सिनेमात मुखवट्याखाली एक अनोळखी, फिकट, मरणारा माणूस दिसला होता. त्याला एक ओळखीचं पोर दिसलं. ज्या सिनेमाने माझ्यापुरतं जुनं लहान केलं, त्यानेच त्याच्यापुरतं ते मोठं केलं होतं.

तेव्हापासून मी मनाशी एक खूण बांधली आहे. ज्या दारातून आपण एखाद्या कथेत शिरलो, ते दार आपल्याला तिचा पाया वाटतो. 1977 चे प्रेक्षक एका दाराने आले, माझ्यासारखे कॅसेटवाले दुसऱ्या, 1999 ची मुलं तिसऱ्या. काही जण तर पुस्तकांतून आले. टिमथी झान यांच्या 1991 च्या कादंबरीपासून कितीतरी पुस्तकांत ल्यूकचं पुढचं आयुष्य लिहिलं गेलं होतं. त्यात त्याने शिष्य घडवले, लग्न केलं, तो बाप झाला. डिस्नेने 2012 मध्ये चारशे कोटी डॉलरहून अधिक मोजून ल्यूकसफिल्म विकत घेतली, आणि 2014 मध्ये ही सगळी पुस्तकं आख्यायिका म्हणून बाजूला काढली. वीस-बावीस वर्षं ज्यांनी तो ल्यूक वाचला, त्यांच्यासाठी 2017 चा एकटा, शिष्य गमावलेला, संसार नसलेला ल्यूक हा दुसरा धक्का होता. पहिला त्यांनी आधीच सोसला होता. प्रतिक्रिया एकाच सिनेमाबद्दल असतात, पण प्रत्येकाचं हललेलं जुनं वेगळं असतं. म्हणून त्या एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांवर आदळतात.

आता त्या भिरकावलेल्या लाइटसेबरकडे परत येतो. भाच्याला मी 1983 चा शेवट पुन्हा लावून दाखवला. सम्राटासमोर बापलेकांची लढाई चालली आहे. रागाच्या भरात ल्यूक बापाचा हात तोडतो. तुटल्या मनगटातून तारा बाहेर लोंबतात. ल्यूक त्या बघतो, मग काळ्या हातमोज्यातला आपला हात बघतो. तोही यंत्राचाच, बापाने तोडलेल्याच्या जागी बसवलेला. एकही शब्द नाही. त्याला कळतं की हा वार पुरा केला तर आपण तेच होणार. आणि तो लाइटसेबर बाजूला फेकून देतो. ल्यूक स्कायवॉकरचं सगळ्यात मोठं कृत्य हेच आहे: शत्रूसमोर शस्त्र टाकणं.

2017 च्या सिनेमाचा शेवट आठवा. मिठाने पांढऱ्या पडलेल्या मैदानात ल्यूक सगळ्या फौजेसमोर एकटा उभा राहतो. ल्यूकचा भाचा बेन चवताळून वार करतो, आणि मग कळतं की ल्यूक तिथे नाहीच. त्याने दूरच्या बेटावर बसून आपली नुसती प्रतिमा पाठवली आहे. तो कुणालाही मारत नाही. ज्यांना वाचवायचं त्यांना पळायला वेळ मिळतो. त्या श्रमाने इकडे त्याचा देह संपत येतो, आणि तो क्षितिजाकडे बघतो तेव्हा तिथे दोन सूर्य मावळत असतात, 1977 मध्ये शेतावरच्या पोराने पाहिले होते तसेच. दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी जुना सिनेमा वाचला होता, आणि चांगला वाचला होता. माझ्या मते हा शेवट 1983 ला मोठं करतो.

पण सुरुवात? पहिल्यांदा लाइटसेबर टाकली ती बापाच्या प्रेमापोटी, प्राणांची बाजी लावून. दुसऱ्यांदा ती टाकली वैतागून, आणि तीही हशा पिकावा अशा बेताने. हालचाल तीच, पण दुसरी पहिलीची थट्टा करते असं वाटलं, तर ते वाटणाऱ्याचा दोष नाही. शिवाय झोपलेल्या बेनवर ल्यूकने क्षणभर का होईना शस्त्र पेटवलं, हे सिनेमा तीन वेगवेगळ्या आठवणींतून दाखवतो. ज्याने व्हेडरसारख्या बापातही चांगुलपणा शोधला, त्याला कोवळ्या भाच्यात तो दिसू नये, याला त्या एका क्षणापेक्षा अधिक आधार हवा होता. मार्क हॅमिल यांनी चाळीस वर्षं ल्यूकला अंगावर वागवलं. या ल्यूकशी आपण सहमत नाही असं त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं होतं. पुढे ते जाहीरपणे बोलल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आणि सिनेमाचं कौतुकही केलं. दोन्ही गोष्टी मनापासूनच्या होत्या असं मला वाटतं, कारण माझंही तसंच झालं. शेवटाने मला जिंकलं, सुरुवात मी अजून माफ केलेली नाही.

माझ्या भाच्याने 2017 चा तो शेवट पाहिला, पुन्हा लाव म्हणाला, आणि बराच वेळ गप्प बसला. "हा ल्यूक होता," असं तो शेवटी म्हणाला. "पण सुरुवातीचा नव्हता."

2019 मध्ये आलेल्या नवव्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडकंच आहे. प्रेक्षक रागावले हे निर्मात्यांनी ऐकलं, पण कशामुळे ते त्यांना समजलं नाही. रे लाइटसेबर आगीत फेकते, तर ल्यूकचा आत्मा येऊन ती झेलतो आणि जेडायच्या शस्त्राचा मान ठेवावा असं सुनावतो. दोन वर्षांपूर्वी रेचे आईबाप कुणी नव्हते, दारूच्या पैशासाठी पोर विकणारे भंगारवाले होते. आता ती सम्राटाची नात निघाली. कुणाचंही पोर असलं तरी फोर्स त्याच्यात जागू शकतो, हे आठव्या भागाने माझ्या गच्चीवरच्या पोराला परत दिलं होतं. नवव्याने ते पुन्हा काढून घेतलं. रागावलेल्यांचं समाधान झालं नाही, आणि ज्यांना आठवा आवडला होता तेही दुखावले. जे मागाहून खोडता येतं, त्यावर विसंबून राहायला प्रेक्षक धजावत नाही.

त्याच सिनेमात आणखी काहीतरी खोडलं गेलं, आणि ते मला सगळ्यात जास्त खुपतं. आठव्या भागात रोझ टिको ही यंत्रं दुरुस्त करणारी साधी मुलगी होती. व्हिएतनामहून आलेल्या निर्वासित आईबापांची लेक केली मरी ट्रॅन हिने ती साकारली. सिनेमावर रागावलेल्यांतल्या काहींनी तिच्या रंगावरून, वंशावरून, शरीरावरून इतकं घाण लिहिलं की 2018 च्या जूनमध्ये तिने आपल्या इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. नवव्या भागात ती जेमतेम दीडएक मिनिट दिसते. जुन्या तसबिरीला धक्का लागला म्हणून दुःख होतं, राग येतो, हे मी आतापर्यंत समजावून सांगत आलो आणि ते खरंच मानतो. पण तसबिरीला हात लागला म्हणून घरी आलेल्या मुलीला दगड मारणाऱ्याला कथेचा चाहता म्हणायला मी तयार नाही. त्याने ल्यूक पाहिलाच नाही. शस्त्र टाकणारा माणूस ज्यांना आपला वाटतो, त्यांचे हात असे उठत नाहीत.

1999 मध्ये मीही हात उचलला होता. दगड नव्हता हातात, पण मित्रांच्या घोळक्यात जार जारची नक्कल करून मी लोकांना हसवलं होतं. त्या पात्रामागे एक जिवंत नट होता, अहमद बेस्ट, पंचवीस वर्षांचा. त्याच्या हालचालींवरून संगणकाने ते पात्र उभं केलं होतं, आणि अशा प्रकारचं एवढं मोठं पात्र पडद्यावर येण्याची ती सुरुवात होती. 2018 च्या जुलैमध्ये त्याने आपल्या लहान मुलासोबत ब्रुकलिन पुलावर उभं असल्याचं छायाचित्र प्रसिद्ध केलं आणि लिहिलं की त्या टीकेच्या दिवसांत याच जागी आयुष्य संपवण्याच्या टोकाला तो आला होता. ते वाचलं त्या दिवशी मी भाच्याला फोन केला. काही न सांगता त्याच्याकडून त्या शर्यतीबद्दल, जार जारबद्दल पुन्हा एकदा ऐकून घेतलं.

मार्च 2023 मध्ये 'द मँडलोरियन' या मालिकेचा एक भाग आला. जेडाय मंदिरावर हल्ला झाला आहे, सैनिक गोळ्या झाडत येताहेत, आणि इवलासा ग्रोगू पाळण्यात एकटा आहे. उद्वाहकाचं दार उघडतं आणि एक जेडाय बाहेर येतो, दोन्ही हातांत लाइटसेबर घेऊन, आणि त्या पोराला वाचवून घेऊन जातो. तो जेडाय म्हणजे अहमद बेस्ट. जगभरच्या प्रेक्षकांनी त्याचं स्वागत केलं. माझ्या भाच्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. तुम्ही तो भाग पाहिला नसेल तर बघा, आणि त्यानंतर 1999 चा सिनेमा एकदा पुन्हा लावा.